क्रांतीबाईंची यादी

क्रांती चौगुले हे नाव ऐकून लोक हसायचे आणि बाईंना त्याची सवय झाली होती. त्यांचे वडील हंबीरराव कोडोलीचे. तरुणपणी लाल झेंडा खांद्यावर घेऊन मोर्चातून फिरलेले. पहिली मुलगी झाली तेव्हा घरच्या कुणाचं न ऐकता त्यांनी तिचं नाव क्रांती ठेवलं. "नाव एवढं मोठं आणि बाई एवढीशी," असं आमच्या गावच्या बायका म्हणायच्या. बाई खरंच लहानखुऱ्या होत्या, आवाजही बारीक. शेवटच्या पोरापर्यंत ऐकू जावं म्हणून त्या वर्गभर फिरत शिकवायच्या.

मी वीरभद्र, त्याच शाळेतला दुसरा शिक्षक. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर मळीवाड नावाचं गाव आहे. तिथली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. वर एक मुख्याध्यापक. नऊ वर्षं आम्ही एकाच व्हरांड्यात डबे उघडले. त्यामुळे सांगतोय ते ऐकीव नाही. त्यातलं काही तर माझ्याच तोंडून गेलेलं आहे.

बाई जयसिंगपूरहून मोपेडवर यायच्या. नवरा साखर कारखान्यात कारकून, मूलबाळ नाही. त्या मळीवाडला आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी सहामाहीच्या पेपरात 'माझे गाव' हा निबंध होता. बाई पेपर तपासत बसल्या होत्या. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, आपल्या गावात टेकडी हाय का हो?"

"कुठली टेकडी? ताटासारखं सपाट गाव."

"चौदा पोरांनी लिहिलंय, माझ्या गावात एक सुंदर टेकडी आहे आणि टेकडीवर देवीचे मंदिर आहे."

गाईडातला निबंध होता, पाठ केलेला. मला हसू आलं. बाईही हसल्या. पण जाताना मोपेडची किक मारता मारता म्हणाल्या, "गावात टेकडी न्हाई, हे ज्यांना दिसत न्हाई, त्यांना मी चारशे वर्षांपूर्वीचं काय शिकवू?"

तिथून तो ब्लॉग निघाला. तेव्हा शिक्षकांमध्ये ब्लॉगची हवाच होती. तालुक्यातले निम्मे गुरुजी ब्लॉग काढायचे आणि त्यावर शासनाचे आदेश नाहीतर प्रश्नपत्रिका टाकायचे. बाईंनी पोरांना लिहायला लावलं. 'मळीवाडची पाटी' असं नाव दिलं. पद्धत साधी होती. आठवडाभरात पोरानं घरातल्या नाहीतर गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट विचारायची. ऊस यायच्या आधी रानात काय होतं, पहिला ट्रॅक्टर कुणाचा, गावात वीज कधी आली. ते वहीत लिहायचं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत उभं राहून वाचायचं. वाचून झालं की बाकीच्यांनी दोनच प्रश्न विचारायचे : कुणी सांगितलं? त्यांनी स्वतः बघितलं का? यात टिकलं तर सोमवारी बाईंच्या जुन्या लॅपटॉपवर पोरगं एका बोटानं टाइप करायचं आणि बाई ते ब्लॉगवर चढवायच्या. त्याला पोरं 'चढणं' म्हणायची. "माझं चढलं, तुझं न्हाय चढलं," अशी भांडणं व्हायची.

पहिल्या ट्रॅक्टरवरून तर दोन घरांत महिनाभर बोलणं बंद होतं. दोघंही म्हणत आमचाच पहिला. शेवटी एका पोरीनं आरसीबुकाचा फोटो आणला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी वर्गाला पेढे वाटले. "पुरावा आणला पोरीनं, सर. तिसरीतल्या पोरीनं!"

लिहिताना भाषा पोरांचीच. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी ब्लॉग उघडून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो बाई, ही मुलगी लिहिते, 'मी आजीकडं गेलतो.' मुलगी आणि गेलतो? व्याकरण शिकवता का काय शिकवता?"

"साहेब, माझी आई बी असंच बोलते. आधी लिहू द्या त्यांना. 'गेले होते' पाचवीत शिकतील," बाई म्हणाल्या.

साहेबांनी शेऱ्यात 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं. पण ब्लॉग चालला. गावचा एक जवान लडाखला होता, तो प्रत्येक लेखाखाली चार ओळी लिहायचा. पोरं त्याची उत्तरं वाचायला सोमवारी लवकर यायची.

आता महापुराचं सांगितलं पाहिजे.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आमची शाळा पत्र्यापर्यंत बुडाली. गाव माळावरच्या हायस्कुलात हलवलं. शिक्षक म्हणून आमची ड्युटी लागली : कोण आलं, कोण राहिलं, याची नोंद. हायस्कूलच्या फाटकात एक टेबल, वर ताडपत्री, आणि टेबलावर मतदार यादी. ट्रॉली आली की मी पावसात पुढं जाऊन एकेकाला नाव विचारायचो आणि मागं वळून ओरडायचो. बाई यादीत नाव शोधून हिरव्या पेनानं खूण करायच्या. दोन दिवसांत असे आठशेवर लोक आले. हायस्कूल भरल्यावर मागून आलेल्या बायका आणि लेकुरवाळ्या दीड किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयात हलवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटवाले जवान आले. त्यांनी विचारलं, "खालच्या गल्लीत कोण राहिलंय?" बाईंनी यादी पाहिली. तीन नावांपुढे खूण नव्हती. बोट गेली, त्या तिघांना घेऊन आली. खालची गल्ली रिकामी झाली असं समजून बोट दुसऱ्या गावाला गेली.

चौथ्या दिवशी पाणी थोडं उतरलं तेव्हा खालच्या गल्लीतल्या धोंडुबाई खोत आपल्या घराच्या पोटमाळ्यावर सापडल्या. धान्याच्या कणगीला टेकून बसल्या होत्या. जाऊन दीड-दोन दिवस झाले असावेत.

यादीत त्यांच्या नावापुढे खूण होती. म्हणजे त्या आल्या होत्या. मग घरात कशा सापडल्या? संध्याकाळपर्यंत उत्तर तयार झालं : म्हातारी म्हशीसाठी मागं गेली. हे पहिल्यांदा कोण म्हणालं कुणालाच माहीत नाही, पण सगळ्यांनी मान हलवली. हट्टी होतीच म्हातारी, म्हशीवर जीव होता. पंचनाम्यात तेच गेलं. बाई त्या दिवशी खूप रडल्या. मला म्हणाल्या, "फाटकात बसलोतो आपण. म्हातारी मागं गेली आणि आपल्याला दिसली न्हाई." एवढीच चूक त्यांना वाटत होती.

धोंडुबाईंचा मुलगा विजयसिंह. त्याची मुलगी निशिगंधा तेव्हा पाच वर्षांची. पुढच्या वर्षी ती माझ्याकडे पहिलीत आली. तेव्हा कोरोनानं शाळा बंद होत्या, पोरं मोबाइलवर शिकली. तिसरीला बाईंच्या वर्गात गेली. शांत पोरगी. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडायची नाही. दुसरीत असताना 'शून्याच्या आधी काय असतं?' म्हणून तिनं मला आठवडाभर छळलं होतं.

चौथीत, जानेवारीत, बाईंनी विषय दिला : आपल्या घरातलं महापुराचं वर्ष. पाच वर्षांपूर्वीचा इतिहास. पोरांनी हेलिकॉप्टर लिहिलं, बिस्किटाचे पुडे लिहिले, वाहून गेलेला फ्रीज लिहिला. निशिगंधानं दोन शनिवार काहीच वाचलं नाही. "अजून इचारत्येय," म्हणायची. तिसऱ्या शनिवारी ती वही घेऊन उभी राहिली. मी शेजारच्या वर्गात होतो, मधलं दार उघडं होतं. तिनं जे वाचलं ते नंतर मी वहीत पाहिलं, म्हणून जसंच्या तसं सांगू शकतो :

'माझी आजी धोंडुबाई बाबू खोत. सगळे म्हणतात आजी म्हशीसाठी परत गेली. मी पप्पांना इचारलं म्हस कुठं हुती. पप्पा म्हणाले आदल्या दिवशीच माळावर बांधली हुती. मग आजी कुणासाठी परत गेली. मी अठरा जणांना इचारलं आजीला हायस्कुलात न्हाईतर मंगल कार्यालयात कुणी बघितलं. कुणीच बघितलं न्हाय. कुणाच्या शेजारी ती झोपली न्हाय, कुणाबरोबर जेवली न्हाय. वरच्या गल्लीत आणखी एक आजी हाय. तिचं नाव धोंडुबाई बापू खोत. मी तिच्याकडं गेलतो. ती म्हणाली, मला चादर देत न्हवते. म्हणले धोंडुबाई बापू खोत यादीत आलेली न्हाय. मी म्हटलं मी हितं हुबी हाय की. मग भांडून चादर घेतली आणि त्यांनी माझ्या नावापुढं खूण केली. मला वाटतं तिच्या नावाची खूण आधी माझ्या आजीच्या नावावर पडली. माझी आजी परत गेली न्हवती. ती आलीच न्हवती. यादी कुणी केली ते मला म्हाईत न्हाय.'

 मग एका पोरानं नेमाप्रमाणे विचारलं, "कुणी बघितलं?"

"कुणीच न्हाय बघितलं. म्हणूनच," निशिगंधा म्हणाली.

बाईंनी तिला बसायला सांगितलं. शाबासकी दिली नाही. शनिवारची शाळा साडेदहाला सुटते. पोरं गेल्यावर त्या ऑफिसात आल्या आणि लोखंडी कपाट उघडून खालच्या खणातले गठ्ठे उपसायला लागल्या. महापुराच्या ड्युटीचे कागद मुख्याध्यापकांनी जपून ठेवले होते, कधी कोण मागेल म्हणून. मतदार यादीची पानं पाण्यानं फुगून कडक झाली होती. बाईंनी ती एकेक सोडवली.

दोन नावं एकाखाली एक होती. धोंडुबाई बापू खोत. धोंडुबाई बाबू खोत. खालच्या नावापुढे हिरवी खूण, बाईंच्या हातची. वरच्या नावापुढे निळी, चादरीवाल्या कुणाची तरी. खुणा दोन होत्या आणि आलेली बाई एकच होती.

बाई खुर्चीत बसल्या. मी उभाच होतो. मला तो क्षण आठवायला लागला, किंवा आठवतो असं वाटायला लागलं. पाऊस, ट्रॉलीच्या फळीला धरून उतरणारी एक म्हातारी, आणि मी मागं वळून ओरडतोय, "धोंडुबाई खोत!" मधलं नाव मी घेतलं होतं का? मला वाटत नाही. आठशे लोक होते. आठशे वेळा मधलं नाव कोण घेतो?

हे मी तेव्हा बोललो नाही. मी म्हणालो, "बाई, जाऊ दे. झालं गेलं कृष्णेला मिळालं. आता खणून काय निघणार?"

"निघालंय की, सर," त्या म्हणाल्या. "पोरीनं खणलंय."

सोमवार आला. ब्लॉगवर काही चढलं नाही. निशिगंधानं विचारलं, "बाई, माझं कधी?" बाई म्हणाल्या, "थोडं थांब." पुढच्या सोमवारीही तेच. बाईंची जेवणावरची वासना उडाली. डबा उघडायच्या आणि झाकण परत लावायच्या. शेवटी एका बुधवारी शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "विजयसिंहकडं जाऊन येऊ. येता का बरोबर?"

विजयसिंह गोठ्यात वैरण टाकत होता. त्यानं हात पुसले, "या की बाई, या सर," म्हणून अंगणात खुर्च्या मांडल्या. त्याची बायको मोना चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. निशिगंधा शिकवणीला गेली होती.

"निशिगंधानं लिहिलेलं तुम्ही वाचलं का?" बाईंनी विचारलं.

"तिनंच वाचून दाखवलं."

"ती यादी मी केलती, विजयसिंह. खूण माझ्या हातची हाय."

तो खाली बघत होता. म्हणाला, "म्हाईत हाय की. तुम्हालाच तर इचारलं हुतं मी."

बाईंना हे आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं.

"पोरगीला आन् हिला पयल्या ट्रॉलीनं आणलं. आईला म्हटलं, दुसऱ्या ट्रॉलीनं ये. ती म्हणाली, देव हलवतो आन् येतो. मग ट्रॅक्टर बंद पडला. दुसऱ्याच्या ट्रॉल्या येत हुत्या. मी तुमच्या टेबलापाशी आलो आन् म्हटलं, बाई, आई आली का? तुम्ही यादीवर बोट फिरवलं आन् म्हणालासा, व्हय, आलीया की, बायका मंगल कार्यालयात हलवल्यात्या."

"मग एवढी वर्षं तुम्ही बोलला का न्हाई?" बाईंचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

"काय बोलू?" विजयसिंह एकदम मोठ्यानं म्हणाला. "मंगल कार्यालय दीड किलोमीटरवर हुतं, बाई. दीड किलोमीटर! दोन दिवसांत मी तिथं गेलो न्हाय. पोरगीला ताप हुता, म्हशीला वैरण न्हवती, ट्रॅक्टर अडकलेला. यादीत हाय म्हटल्यावर निवांत बसलो. तुमचं नाव घेतलं असतं तर लोकांनी मला इचारलं असतं, तू का गेला न्हाईस बघायला? त्यापरीस म्हस बरी. म्हशीला कोण इचारतंय?"

मोना आत निघून गेली. 

थोड्या वेळानं विजयसिंह शांत झाला. "माझं एक ऐका. पोरीचं ते टाकू नका. तिचं नाव त्यात नको. उद्या लोक तिलाच म्हणतील, बापाची अब्रू घालवली. गावात ऱ्हायाचं हाय तिला."

"न्हाई टाकत," बाई म्हणाल्या. आम्ही चहा न पिता उठलो.

मला वाटलं, मिटलं. पण त्या शुक्रवारी बाईंनी स्वतः लिहिलं. 'मळीवाडची पाटी'वर तोवर शिक्षकाचं एकही पान नव्हतं. त्यांनी एक पान लिहिलं. दोन धोंडुबाईंची नावं, हिरवी खूण, बोटवाल्यांना दिलेलं उत्तर, सगळं. शेवटी लिहिलं, 'धोंडुबाई बाबू खोत हायस्कुलात आल्याच नव्हत्या. त्या म्हशीसाठी परत गेल्या हे खरं नाही. यादी माझ्या हातात होती आणि चूक माझी आहे.' विजयसिंहनं विचारल्याचं त्यात नव्हतं. माझं नाव त्यात नव्हतं. आणि हे शोधलं कुणी, तेही त्यात नव्हतं.

सोमवारी निशिगंधा आईच्या मोबाइलवर ते वाचूनच शाळेत आली होती. दप्तर न ठेवता ती बाईंच्या टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, माझं कुठं हाय?"

"बाळा, तुझे पप्पा म्हणाले—"

"मी शोधलं हुतं. अठरा जणांना इचारलं हुतं मी." ती रडत नव्हती. "तुम्ही माझं घेऊन तुमचं टाकलासा."

बाईंनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं हात काढून घेतला आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतरच्या शनिवारी ती वही न घेता आली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "काय सुचलं न्हाय." वर्ष संपेपर्यंत तिला काही सुचलं नाही.

बाकीचं भराभर झालं. कुणीतरी ते पान गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. एका यूट्यूबवाल्यानं शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून 'शिक्षिकेच्या एका खुणेनं घेतला वृद्धेचा बळी' असा व्हिडिओ केला. ग्रामसभेत आरडाओरडा झाला. मला नवल वाटलं ते याचं, की लोक चुकीवर चिडले नव्हते. "पोरांना शिकवायचं सोडून गावाची मढी उकरत्यात," म्हणून चिडले होते. पंचनाम्यावर ज्यांच्या सह्या होत्या ते सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. विजयसिंह मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणीतरी विचारलंच, "तुला एवढ्या दिवसात आईची याद आली न्हाय व्हय रं?" बाईंनी ज्यापासून त्याला वाचवायचा प्रयत्न केला होता तेच झालं. तो खाली मान घालून बाहेर गेला.

वरच्या गल्लीतल्या धोंडुबाईंचं तर काहीच चुकलं नव्हतं. पण त्यांनाही पाण्याच्या टाकीवर एक बाई बोलली, "दुसरीच्या नावावर जगलीस गं." तेव्हापासून त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. दिवाळीच्या आधी गेल्या.

चौकशी लागली. तालुक्याहून दोन अधिकारी आले. ऑफिसात बाईंना खुर्चीवर बसवलं, मुख्याध्यापक आणि मी बाजूला. एकानं कागद बघत विचारलं, "तुम्ही टेबलावर होता. नावं कोण पुकारत होतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गर्दी होती साहेब. यादी माझ्याकडं होती."

"पण कुणीतरी पुकारत असेल ना?"

"पुकारलं ते मी ऐकलं आणि खूण मी केली."

मी एवढंच म्हणायला हवं होतं : साहेब, मी होतो. तीन शब्द. माझी पेन्शनची पाच वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न ठरत होतं. अशी कारणं माणसाला आयत्या वेळी बरोबर सुचतात. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिलो. त्यात राधानगरीचं धरण निळ्या ठिपक्यानं दाखवलं होतं. अधिकारी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

बाईंना कडक समज मिळाली आणि जूनमध्ये बदली. शाळेच्या नावानं परवानगीशिवाय ब्लॉग चालवू नये, असलेला बंद करावा, असंही पत्र आलं. बाईंनी एका दुपारी लॅपटॉप उघडला. मला म्हणाल्या, "सर, एकशे बासष्ट लेख हायत." मी विचारलं, छापून ठेवायचे का? त्या म्हणाल्या, "पत्रात बंद करा लिहिलंय." मग त्यांनी ते काढून टाकलं. पोरांच्या वह्या कपाटावर होत्या. सुट्टीत रंगकाम निघालं तेव्हा मुख्याध्यापकांनी त्या जुन्या पेपरांबरोबर रद्दीवाल्याला घातल्या. मी गावाला गेलो होतो. नसतो गेलो तरी काय केलं असतं, कोण जाणे.

बाईंची बदली राधानगरीच्या वरच्या अंगाला झाली, जंगलाला लागून असलेल्या वाडीत. शाळेत सात पोरं. जयसिंगपूरहून रोजची ये-जा शक्य नाही म्हणून त्या तिथंच एका घराची पडवी भाड्यानं घेऊन राहतात. नवरा महिन्यातून दोनदा जातो. मी दीड वर्ष जाईन जाईन म्हणत होतो. गेल्या डिसेंबरात गेलो. एसटीनं फाट्यावर उतरून पुढं तीन किलोमीटर चालत.

बाई आणखी लहान दिसल्या. केस पांढरे झाले होते, रंगवले नव्हते. व्हरांड्यात सात पोरं पाट्या-वह्या घेऊन बसली होती आणि फळ्यावर निबंध लिहिला होता : 'माझा आवडता ऋतू – पावसाळा.' पोरं तो उतरवून घेत होती. 'पावसाळ्यात मोर पिसारा फुलवून नाचतो.' मी बाईंकडे पाहिलं.

"परीक्षेला येतो," त्या म्हणाल्या.

दुपारी पडवीत त्यांनी भात आणि आमटी केली. मी जेवायच्या आधीच बोललो, नाहीतर परत बोललो नसतो. "बाई, त्या दिवशी नाव मी पुकारलं होतं. मी मधलं नाव घेतलं नव्हतं. चौकशीत मी बोललो नाही."

बाई आमटी ढवळत होत्या. हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही धोंडुबाई खोत एवढंच म्हणालता. माझ्यासमोर दोन नावं हुती. मी मान वर करून इचारायला पायजे हुतं, कुठली म्हणून. पाऊस लागत हुता. मान वर केली न्हाई."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी ताट वाढलं आणि मी जेवलो.

जेवण झाल्यावर त्यांनी गावची चौकशी केली. विजयसिंहनं म्हैस विकली आणि तो इचलकरंजीला यंत्रमागावर जातो, हे सांगितलं. मोना माहेरीच जास्त असते, हेही सांगितलं.

"आणि निशिगंधा?"

"हायस्कुलात आहे. सहावीत. गणितात हुशार आहे म्हणतात."

"काय लिहिते का?"

माझ्या ओठांवर आलं होतं, लिहिते की. बाईंना बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मराठीच्या बाई म्हणतात, प्रश्नाला एका ओळीत उत्तर देते. निबंध कोरा सोडते."

बाईंनी मान हलवली. ताटं उचलून त्या मोरीकडे गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. चारची एसटी चुकू नये म्हणून मी पिशवी उचलली. त्या ओल्या हातानंच दारापर्यंत आल्या आणि पुढच्या वळणावर रस्ता खचलाय, कडेनं जाऊ नका, असं सांगून परत आत गेल्या.